न प्यायलेला कहवा

खल्फान बिन जौहरच्या तोंडून चांगला शब्द ऐकलेला माणूस दुवैर बेटावर दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता. सकाळी तो आपल्या गाढवाशी भांडायचा, दुपारी बायकोशी, आणि तिसऱ्या प्रहराची, असरची, नमाज आटोपली की शेख शाहीनच्या बैठकीला येणाऱ्या अख्ख्या गावाशी. गाढवाने एकदोनदा लाथ मारून पाहिली होती. बायकोची, मौज़ाची, लाथ तिच्या जिभेत होती. गावाला मात्र काहीच करता येत नसे. कारण खल्फानच्या डाव्या हातात कहव्याची दल्ला असे, लांब चोचीची, पितळी, तिच्या मालकासारखीच तापलेली. आणि उजव्या हातात एकात एक बसवलेल्या पाच प्याल्या. त्या प्यालीवाचून दुवैरमध्ये खजुरीचं पान हलत नसे.

राज्य चालायचं ते असं. शेखाकडे ज्याचं काही काम असेल तो यायचा, सलाम करून बसायचा. खल्फान त्याच्या हातात प्याली द्यायचा. तळाशी दोन घोट कहवा, वेलदोड्याचा वास आधी आणि कहवा मागून. माणूस तो प्यायचा नाही. प्याली चटईवर पुढ्यात ठेवायचा आणि गप्प बसायचा. मग सगळी बैठक गप्प. शेख शाहीन दाढीवरून हात फिरवून विचारायचा, "काय रे, पीत का नाहीस?"

"पिईन की, आयुष्य वाढो तुमचं. आधी माझं एवढं ऐका."

माणूस गाऱ्हाणं सांगायचा. शेख म्हणाला, "पी," की काम झालं. ना कागद, ना शिक्का. दारातला पाहुणा प्याली न पिता उठून गेला तर यजमानाच्या सात पिढ्यांचं नाक कापलं जातं, त्यामुळे 'नाही' म्हणायची सोय शेखाला जवळजवळ नव्हतीच.

त्या 'जवळजवळ'मध्ये खल्फान उभा असे. कोण काय मागायला आलाय हे त्याला उंबरठ्यावरच्या चपलांवरून कळायचं. मागणी शेखाला अडचणीची असली की खल्फानचा हात त्या माणसापर्यंत पोचतच नसे. उजवीकडून वाढत यायचा, त्याच्या अलीकडे दल्ला रिकामी व्हायची, नवी दल्ला येईपर्यंत धूप फिरायचा, आणि धूप फिरला की बैठक उठली. हसन नावाचा एक माळी आपल्या विहिरीसाठी अकरा शुक्रवार असा कोरडा परत गेला होता. बाराव्या शुक्रवारी त्याने खल्फानला बाजारात धरून विचारलं, "मी तुझं काय घोडं मारलंय?"

"माझं नाही. पण शेखाच्या चुलतभावाचं घोडं त्या विहिरीवर पाणी पितं," खल्फान म्हणाला. "मी तुला प्याली दिली असती तर शेखाला 'पी' म्हणावं लागलं असतं, आणि मग घरात भाऊबंदकी. तहान लागली असेल तर समुद्र आहे."

असा हा माणूस. अर्धं गाव त्याच्यावर दात धरून होतं, आणि उरलेल्या अर्ध्याला दात नव्हते. पण एक गोष्ट त्याचे वैरीही कबूल करायचे. 'पी' म्हणून झाल्यावर शेख विसरायचा. खल्फान विसरत नसे. भर बैठकीत, वाढता वाढता, तो शेखाच्या कानाशी वाकायचा आणि साऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणायचा, "तेरा दिवस झाले. बांग देणाऱ्या त्या आंधळ्या मुअज्जिनाच्या छपराचं काय झालं? प्यायलाय तो." एकतीस वर्षांच्या प्याल्या त्याच्या डोक्यात रचून ठेवलेल्या होत्या. राज्याचं दप्तर म्हणून जे काही होतं ते एवढंच, आणि ते सारखं शिव्या देत असे.

मग एके दिवशी समुद्रात तोफांची एक बोट नांगर टाकून उभी राहिली. बोट काही बोलली नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. चुलतभावांनी लाटलेल्या बागांच्या तक्रारी कुणीतरी इंग्रजांपर्यंत पोचवल्या होत्या. तीन दिवस शेख आणि बोटीवरचे साहेब यांची बोलणी झाली, आणि चौथ्या दिवशी दुवैरला एक सल्लागार मिळाला. पेलम त्याचं नाव. उंच, हडकुळा, हिंदुस्थानात चौदा वर्षं नोकरी करून उन्हाने भाजलेला. जकातनाक्याच्या माडीवर त्याने कचेरी थाटली. मेज आलं, खुर्च्या आल्या, वह्या आल्या, दाराला घंटा आली. आठवड्यातून दोनदा शेख तिथे येऊन सल्लागाराच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. खुर्चीवर मांडी घालता येत नाही, त्यामुळे पायांचं काय करायचं हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही.

शेखाने एकच अट घातली होती. कहवा खल्फानच करील.

खरं सांगायचं तर पेलमने वाईट काही केलं नव्हतं. पहिल्या तीन महिन्यांत त्याने हसन माळ्याची विहीर मोकळी करून दिली. चुलतभावाचं घोडं आता घरी पाणी पिऊ लागलं. मौज़ाने हे नवऱ्याला मुद्दाम दोनदा ऐकवलं.

"चोरसुद्धा कधीमधी नमाज पढतो," खल्फान म्हणाला.

"चोराने पढली, बू सालिम," ती म्हणाली; मुलाच्या नावावरून, सालिमचा बाप म्हणून, सगळे त्याला हीच हाक मारत. " तुम्ही अकरा शुक्रवार काय पढत होता?"

पण कचेरीत एक भलतीच गोष्ट घडत होती. लोक यायचे, खल्फान प्याली द्यायचा, लोक ती मेजावर ठेवायचे, अगदी साहेबाच्या कागदांच्या मधोमध, आणि वाट बघायचे. पेलम वर न बघता म्हणायचा, "अर्ज लिहून द्या. तीन आठवड्यांनी कळवू." आता यावर माणसाने काय करावं? 'पी' म्हटलेलं नाही, म्हणजे पिता येत नाही. 'पीत का नाहीस' असं विचारलेलंही नाही, म्हणजे बोलता येत नाही. थोडा वेळ ताटकळून माणूस उठायचा आणि जिना उतरायचा. मागे गार कहवा. दुपारपर्यंत मेजावर वीस-बावीस प्याल्या जमायच्या, आणि त्यांच्यामधून साहेबाचा हात टाक शोधत फिरायचा.

पेलमला मोजायची खोड होती. त्याने प्याल्या मोजल्या. एका आठवड्यात दिलेल्या प्याल्या इतक्या, प्यायलेल्या शून्य. मग त्याने स्वतः एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि कोडं सुटलं असं त्याला वाटलं. त्याने दुभाष्याला हाक मारली.

दुभाषा होता मिर्झा अब्दुस्समद, मूळचा पलीकडच्या किनाऱ्यावरचा, डोक्यावर कोकराच्या कातड्याची अस्त्राखानी टोपी, बोटाला शाई. नऊ वर्षांपूर्वी तो एका व्यापाऱ्याचा कारकून म्हणून शेखाच्या बैठकीला आला होता, तेव्हा फार बडबडला म्हणून खल्फानने त्याला प्याली काठोकाठ भरून दिली होती. आमच्याकडे भरलेल्या प्यालीचा अर्थ एकच: पी आणि चालता हो. मिर्झा ते विसरला नव्हता.

"साहेब म्हणतात, तुझा कहवा कुणी पीत नाही," मिर्झा म्हणाला. "भिकार असतो."

खल्फानच्या हातातल्या प्याल्या वाजल्या. "कहवा भिकार? त्याला सांग, का पीत नाहीत ते! सांग, प्याली खाली ठेवली म्हणजे माणूस काम मागतोय. तुला ठाऊक आहे की, टोपीवाल्या."

"मी दुभाषा आहे. तू बोलशील ते त्यांना सांगणार."

"मग सांग."

मिर्झा इंग्रजीत बराच वेळ बोलला. साहेबाने मान डोलावली आणि दोन शब्द बोलून पुन्हा कागदात डोकं घातलं.

"साहेब म्हणतात, जा."

एकतीस वर्षांत खल्फानला 'जा' म्हणणारा कुणी भेटला नव्हता. ते काम त्याचं होतं. त्याने दल्ला उचलली आणि शेखाकडे पाहिलं. शेख खुर्चीवर आपल्या पायांकडे बघत होता.

पुढचे दोन महिने खल्फान घरी बसला, आणि मौज़ाच्या मते हा त्या बोटीपेक्षा मोठा जुलूम होता. तो उठून कहवा करायचा, चाखायचा, आणि वाळूत ओतायचा. "भिकार आहे? सांग, भिकार आहे?"

"तुम्ही भिकार आहात. कहव्याला कशाला बोल?"

बाजारात जावं तर टवाळ टपलेले. जाळी विणणारा बू गैथ लांबूनच ओरडायचा, "या, बू सालिम, बसा! एक प्याली घ्या, पण प्या हं, नाहीतर मला नोकरीवरून काढतील!" हसन माळी तर वाट अडवून उभा राहायचा. "तहान लागली का? विहीर आहे आता माझ्याकडे. समुद्रापर्यंत जायला नको." खल्फान दोघांनाही त्यांच्या आजोबांपासूनच्या शिव्या देऊन पुढे जायचा, पण शिव्यांत पूर्वीचा जीव नव्हता.

कचेरीत त्याच्या जागी एक आचारी आला. तो दुधाचा चहा करायचा. लोकांनी चहाचे पेले मेजावर ठेवले. मग डाळिंबाचं सरबत आलं. सरबतावर माशा बसल्या. पेलमने सगळ्याची नोंद केली आणि वर अहवाल धाडला की, इथल्या लोकांची चव समजायला अवघड आहे.

उन्हाळा तोंडावर आला. मोत्यांचा हंगाम जवळ आला तशी पेलमने दुवैरच्या अकरा नाखुद्यांना कचेरीत बोलावलं. नवा कायदा होता. बोटी कोणत्या दिवशी निघायच्या हे यापुढे कचेरी ठरवणार, आणि कोणत्या बोटीवर कोणकोण पाणबुडे आहेत त्याची यादी कचेरीत द्यायची. नाखुदा म्हणजे आपल्या बोटीवरचे सुलतान. ते अकराजण रागाने फणफणत जिना चढले, रांगेने बसले, चहा आला, आणि अकरा पेले एकामागून एक मेजावर आदळले. याहून मोठ्या आवाजात दुवैरमध्ये काही बोलता येत नाही.

पेलमने कायदा वाचला. मिर्झाने सांगितला. "कुणाची हरकत?"

कोण बोलणार? हरकत समोर वाफाळत होती. यजमानाने आता विचारायचं, 'पीत का नाही?' मग ते बोलणार. अकराजण त्या प्रश्नाची वाट पाहत बसले. मेजावरच्या घड्याळाचा आवाज येत राहिला. चहावर साय धरली. अखेर पेलम समाधानाने हसला आणि वहीत लिहिलं: एकमताने मंजूर.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली तेव्हा नाखुद्यांना कळलं की आपण कशाला होकार दिला. दुपारपर्यंत अकराही बोटी ओढून वाळूवर घेतल्या, डोलकाठ्या उतरवल्या. "हंगाम गेला खड्ड्यात!" सर्वांत थोरला नाखुदा, बू मिजबिल, किनाऱ्यावरून गरजला. "आमच्या पुढ्यातली प्याली बघून न बघितल्यासारखं करतो? असा अपमान माझ्या बापाच्या मारेकऱ्यानेही केला नव्हता!" संध्याकाळी कचेरीच्या काचा फुटल्या. शेख घाबरला तो दगडांना नाही. दगडांमागून ती मुकी बोट पुन्हा येईल याला. त्याने खल्फानला बोलावणं धाडलं.

"जाणार नाही," खल्फान म्हणाला.

"जाऊ नका," मौज़ा म्हणाली. "आणखी दोन महिने घरात बसा. मी माहेरी जाते."

तो गेला.

कचेरीत फुटकी काच अजून जमिनीवर होती. शेखाने मिर्झाला जिन्याखाली थांबायला सांगितलं. पेलमने खल्फानकडे बघितलं आणि एकदम हिंदुस्थानीत विचारलं, "ही बोली येते तुला?"

खल्फान चमकला. "पोरवयात तीन हंगाम गलबतावरून मुंबईच्या गोदीत होतो. शिव्या सगळ्या येतात."

"मला शिव्या नकोत. हे लोक माझ्याकडे काहीच का पीत नाहीत ते सांग."

खल्फान गप्प राहिला असता तर साहेब असाच चाचपडत राहिला असता, एक दिवस वैतागून गेला असता. हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण हा माणूस कहव्याला भिकार म्हणाला होता, आणि ते तसंच सोडून देणं खल्फानच्या हातून होण्यासारखं नव्हतं.

"मी तेव्हाच सांगितलं होतं."

"तू सांगितलंस की लोकांना चव कळत नाही."

"मी?" खल्फानने जिन्याकडे बघून मुंबईच्या गोदीतलं काही निवडक ऐकवलं. मग सगळं सांगितलं. प्याली का ठेवतात, काय विचारायचं, 'पी' म्हणजे काय. पेलमचा भाजलेला चेहरा आणखी लाल होत गेला.

"म्हणजे त्या सगळ्यांना... किती होते ते? काय हवं होतं त्यांना?"

"मी होतो तोवरची माणसं एकशे सात, काहीजण तर दहादहादा आले. पहिला मुबारिजचा भाचा, त्याची भिंत पडलीये. दुसरी रंगारणीची सून, नवरा वेगळा राहू देत नाही. तिसरा..." खल्फान तोंडावाटे थुंकल्यासारखी एकेक मागणी टाकत गेला. पेलम लिहीत गेला. दुसरी वही आणावी लागली. शेख आ वासून ऐकत होता. यातल्या निम्म्या भिंती त्याच्याच भाईबंदांनी पाडलेल्या होत्या.

लिहून झाल्यावर पेलमने टाक खाली ठेवला. पानं मागे उलटून पहिल्या मागणीपासून सगळं पुन्हा वाचलं. माणूस खोटा नव्हता, एवढं खल्फानलाही त्या क्षणी मान्य करावं लागलं, आणि त्यामुळे तो जास्तच चिडला.

"नाखुद्यांना उद्या पुन्हा बोलावतो. बोटी निघायचा दिवस शेखच ठरवतील, पुकारतीलही. याद्या मात्र मला हव्यात. बोलू आम्ही," पेलम म्हणाला. "आणि ही प्यालीची पद्धत बंद. उद्यापासून कचेरीत कुणालाही काहीही प्यायला देणार नाही."

"काय?"

"पेला पुढ्यात ठेवला म्हणून कुणाला काही मिळता कामा नये. आणि पेला दिला नाही म्हणून कुणाचं अडता कामा नये." त्याने खल्फानकडे रोखून पाहिलं. "अकरा शुक्रवार. हसन माळ्याने मला सांगितलंय."

खल्फानचा चेहरा दल्लेच्या बुडासारखा झाला.

"पण तुझ्यासारखा माणूस मला हवाय. मागण्यांची वही ठेवायला. तू सांगायचं, मिर्झा लिहील. महिन्याचा पगार मिळेल."

"मिर्झा लिहील!" खल्फान म्हणाला. "त्यापेक्षा मी गाढवाला लिहायला शिकवीन." आणि जिना उतरला. उतरता उतरता मिर्झाच्या पायावर त्याचा पाय पडला. पूर्ण वजनासकट.

दल्ला मात्र त्याला परत मिळाली. शेखाच्या स्वतःच्या बैठकीत. दर असरला तो पूर्वीसारखाच उजवीकडून वाढत यायचा. पहिल्या दिवशी पहिल्या पाहुण्याने प्याली घेतली आणि दोन घोटांत संपवली. दुसऱ्यानेही. तिसऱ्यानेही. प्यायले, प्याली हलवून 'पुरे' म्हणाले, वर कहव्याची तारीफ केली. खल्फान वाट बघत राहिला. एकही प्याली चटईवर टेकली नाही.

टेकणार कशी? शेखाकडे मागण्यासारखं आता उरलं काय होतं? मागायचं ते माडीवर. इथे लोक येत होते ते जुन्या ओळखीखातर, आणि कहव्याखातर. असा आठवडा गेला, दुसरा गेला. "काय कहवा आहे, वा!" बू गैथ ओठ चाटून म्हणायचा. "सल्लागाराला अक्कल नाही." खल्फानला त्याच्या डोक्यात दल्ला घालावीशी वाटायची.

तिसऱ्या आठवड्यात त्याने बिया मुद्दाम जाळल्या. कोळसा होईपर्यंत. वेलदोडा घातला नाही, पाणी दोनदा उकळलं. एक तरी प्याली खाली ठेवा रे, कसल्याही कारणाने. ते काळं विष घेऊन तो बैठकीभर फिरला. लोकांचे डोळे भरून आले, एकाला ठसका लागला, पण शेखाच्या दारात बसून तोंड कोण वेंगाडणार? सगळे प्यायले.

शेवटची प्याली शेखाची. शेख शाहीनने ती घेतली, वास घेतला, आणि पुढे वाकून चटईवर ठेवली. खल्फानच्या पायांपुढे.

मालकाने नोकरापुढे प्याली ठेवलेली दुवैरने पाहिली नव्हती. खल्फानला वाटलं, म्हाताऱ्याने चूक केली. चूक नाही हे कळायला त्याला त्या डोळ्यांकडे बघावं लागलं.

"विचार ना," शेख म्हणाला. "रीत विसरलास?"

खल्फानने दल्ला खाली ठेवली. "पीत... पीत का नाही, आयुष्य वाढो तुमचं?"

"पिईन. आधी माझं ऐक. त्या माडीवर जी वही आहे ती मिर्झा एकटा लिहितोय. तो काय लिहितो हे मला वाचता येत नाही, तुलाही येत नाही. पण कोण काय मागून गेलं, हे तुझ्या डोक्यात राहतं. तू तिथे बस. तो चुकला की बोल. साहेब विसरला की बोल. मला बोलायचास तसा."

"मी? त्या टोपीवाल्याच्या शेजारी? खुर्चीवर?"

"खुर्चीवर."

"कुणालाही सांगा. हसन माळ्याला सांगा. मला नको."

शेख फक्त चटईवरच्या प्यालीकडे बघत राहिला, आणि त्याच्याबरोबर सगळी बैठक. एकतीस वर्षं खल्फानने याच रीतीवर मालकाला कोंडीत धरलं होतं. नाही म्हणावं तर रीत मोडते. आणि रीत मोडणारा दुवैरमध्ये एकच होता, तो माडीवर बसत होता.

खल्फानने बू गैथकडे बघितलं. बू गैथला हसू आवरत नव्हतं. त्याने दाराकडे बघितलं. मग छताकडे. मग त्याने एक अशी शिवी दिली की कोपऱ्यातला मुल्ला देवाची माफी मागत इस्तिगफार म्हणू लागला.

"प्या!" खल्फान ओरडला. "प्या एकदाचा! जातो मी!"

शेखाने प्याली उचलली, डोळे मिटले आणि ते जळकं पाणी तळापर्यंत संपवलं. "भिकार आहे," तो म्हणाला.

"मुद्दाम केलाय," खल्फान म्हणाला.

रविवारी सकाळी कचेरीची घंटा वाजली तेव्हा मिर्झाच्या शेजारच्या खुर्चीवर खल्फान दोन्ही पाय वर घेऊन बसला होता, आणि पहिला अर्जदार जिना चढायच्या आतच दोघांचं भांडण सुरू झालं होतं.